मजुरांच्या संघटनेला गावाने साथ कशी द्यावी

शहादा तालुक्यात 1972 साली आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे त्याच समाजातले कार्यकर्ते पुढे होते आणि बाहेरून आलेले तरुण त्यांच्या सोबतीला होते. साथ देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाने, वकिलाने किंवा दुकानदाराने हाच क्रम पाळावा. मागण्या मजुरांनीच ठरवाव्यात.

सुरुवात वहीपासून करावी. रावेर-यावलकडे केळी कापून गाडी भरणाऱ्या टोळीचा किंवा जिनिंगमधल्या हंगामी मजुराचा हिशेब बहुधा मुकादमाकडेच असतो, त्यामुळे उचल किती घेतली आणि किती फिटली यावरून वाद झाला की मजुराकडे दाखवायला काहीच नसते. घरातल्या किंवा शेजारच्या लिहित्या मुलाने रोज संध्याकाळी तारीख, शेतमालकाचे वा कारखान्याचे नाव, कामाचे तास, ठरलेली मजुरी, हातात पडलेली रक्कम आणि उचलीपोटी कापलेले पैसे लिहून सोबतच्या मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा. कामगार कार्यालयात तक्रार नेताना तोंडी सांगण्यापेक्षा अशा नोंदींना कितीतरी अधिक वजन येते.

सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची, बैठक आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरेशी आधी घ्यावी, कारण सालाचा व्यवहार एकदा ठरला की वर्षभर बोलण्याला जागा उरत नाही. बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवावी. निंदणी आणि कापूस वेचणी त्यांच्याच हातून होते, तरी स्वयंपाकाच्या वेळी बोलावलेल्या बैठकीत त्या दिसत नाहीत, आणि मग त्यांच्या मजुरीचा प्रश्न मागे पडतो.

कारखान्यात संघटनेच्या नोंदणीसाठी किमान 7 कामगारांना अर्ज करता येतो. मात्र आस्थापनेतील 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी असेल तितके सभासद हवेत आणि ती संख्या 7 च्या खाली चालत नाही. घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि वर्गणीचा हिशेब तयार करण्यात जाणत्या माणसाची मदत मोलाची ठरते. अर्ज दाखल होईपर्यंत सभासदांची नावे गावात चर्चेला येऊ देऊ नयेत, कारण कामावरून काढण्याची धमकी याच दिवसांत येते. बाजार समितीतल्या हमालांनी 1969 च्या माथाडी कायद्याखालील मंडळाकडे नोंद झाली आहे का, हे आधी पाहावे.

संप झालाच तर चूल आधी थंडावते. किराणा दुकानदाराने उधारीची मुदत वाढवावी, शेतकऱ्यांनी ज्वारी-दादर द्यावी, आणि जमा झालेल्या प्रत्येक पायलीची नोंद संघटनेच्या वहीत सर्वांसमोर करून वाटपही मजुरांनी निवडलेल्या समितीकडेच सोपवावे.