चक्राकार वारे म्हणजे चक्रीवादळ नव्हे! हवामानाच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी मेसेज पडला: ‘चक्रीवादळ येतंय, गाड्या झाडाखाली लावू नका.’ खाली बातमीचं कात्रण. नीट वाचलं तर आत लिहिलेलं, ‘अरबी समुद्रावर हवेच्या वरच्या थरात चक्राकार वारे.’ तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मेणबत्त्यांचा पुडा आणूनही ठेवला होता.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. चक्राकार वारे म्हणजे वरच्या हवेत गोल फिरणारा प्रवाह. त्याचं पुढे काहीच न होणं हे नेहमीचंच. झालंच तर कमी दाबाचं क्षेत्र. मग वाऱ्याचा वेग ताशी ३१ किमी झाला की डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, आणि ६२ च्या पुढे गेल्यावरच चक्रीवादळ. नावही तेव्हाच मिळतं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं ‘निसर्ग’ हे त्याच्याही वरचं, तीव्र चक्रीवादळ. पुण्यात झाडं पडली ती तेव्हा. बातमीत चक्र दिसलं तर आधी पुढचा शब्द आणि वेगाचा आकडा बघा.

‘पश्चिमी वारे’ म्हणजे पश्चिमेकडे जाणारे, असं समजणारेही बरेच. कोल्हापूरचा माणूस कोल्हापूरहून आलेला असतो, वाऱ्याचंही तसंच. मोबाइलवरच्या बाणाची मात्र खात्री करून घ्या. काही अ‍ॅपमध्ये तो वारा जातो तिकडे रोखलेला असतो.

आता आघाडी, म्हणजे फ्रंट. शाळेच्या भूगोलात शीत आघाडी आणि उष्ण आघाडीच्या आकृत्या आपण इमानदारीत काढल्या. पण थंड आणि उबदार हवेचे मोठे साठे भिडतात ते मध्य अक्षांशांत. साडेअठरा अंशांवरच्या पुण्याला त्यांचा थेट संबंध फारसा येत नाही. त्यामुळे डिसेंबरात पारा उतरला की ‘शीत आघाडी आली’ म्हणू नये. बहुतेकदा पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकलेला असतो आणि त्याच्यामागून उत्तरेचे कोरडे, गार वारे आपल्यापर्यंत उतरतात. नावात झंझावात असला, तरी पुण्यात त्याचं काम स्वेटर बाहेर काढण्यापुरतंच.

एक छोटी आघाडी मात्र आपण दर उन्हाळ्यात अंगावर घेतो. वळवाच्या दिवसांत दुपारी चारची वेळ, गच्चीवर कुरडया वाळताहेत, हवा ठप्प. हडपसरच्या बाजूला काळं धरलेलं. एकदम प्लॅस्टिकचा कागद उलटा फडफडतो, डोळ्यांत धूळ जाते, घामेजलेल्या मानेला गार झोत लागतो. ढगातून पावसाबरोबर खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे धावते, तिची ही कड. हिला गस्ट फ्रंट म्हणतात. ‘वारा सुटला, आता पाऊस गेला’ असं म्हणत चहा टाकायला जाणं ही हमखास चूक! कधी पाऊस हुलकावणी देतोही, पण होर्डिंग आणि फांद्या पडतात त्या याच दहा मिनिटांत. वीजसुद्धा पावसाची वाट बघत नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर ती साधारण एक किलोमीटरवर आहे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास गच्चीवर जाऊ नका. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये असू द्या.

जोरदार सर आली की ढगफुटी म्हणायचीही फॅशन आहे. तासाभरात, लहानशा भागावर, १०० मिमी पडला तर ढगफुटी. इशाराही शहराचा की घाटमाथ्याचा, ते वाचून घ्या. ताम्हिणीत धो धो असताना कोथरूडला नुसती भुरभुर असते.

राहिला रोजचा आकडा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे संध्याकाळची सर उद्याच्या आकड्यात दिसते. शिवाय ‘पुण्याचा पाऊस’ म्हणून छापतात तो बहुधा शिवाजीनगरचा. मी गेल्या वर्षी हौसेने सरळ कडांचा स्टीलचा डबा गच्चीत ठेवून पट्टीने मोजलं. एका रात्रीत ३१ मिमी भरला, शिवाजीनगरला ६. शेजारच्यांनी डब्यावर शंका घेतली, मी नाही घेतली. वळवाचा ढग एका पेठेत पडतो आणि दुसरीत नाही.