मिसफायर कॉइलचा की प्लगचा? अदलाबदल करून बघा

जुन्या टर्बो गाडीचं इंजिन आयडलिंगला थरथरतं, जोर दिला की अडखळतं (हाच मिसफायर: सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही), आणि मग एकामागून एक पार्ट बदलण्यात पैसे जातात. नवा पार्ट घेण्याआधी हे करा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तरच ही युक्ती चालते.

१. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.
२. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. प्लगला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.
३. कोड पुसा, गाडी थोडी चालवा, पुन्हा वाचा.

आता पी०३०३ आला, तर कॉइलच गेली. पी०३०२ कायम राहिला, तर याच पद्धतीनं प्लगची अदलाबदल करून बघा. तरीही तोच कोड? मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. कॉइल काढल्यावर प्लगच्या खळग्यात तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट आधी बदला, नाहीतर नवी कॉइलही खराब होईल.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो जळतो.