मुलाला एन्झाइमचं सिरप किंवा थेंब देण्याआधी काय करावं

दूध प्यायलं की पोट फुगतं, चपाती खाल्ली की शी पातळ होते, उसळ खाल्ली की रात्रभर कुरकुर. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं असं सुरू झालं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "मेडिकलमधनं पचनाचं सिरप आण की." बाटली येते, जेवणानंतर चमचाभर सुरू होतं, आणि ते कशासाठी चाललंय हे महिन्याभरानं कुणालाच सांगता येत नाही. गाडी इथेच चुकते. एन्झाइम, म्हणजे अन्नाचे तुकडे करणारा पाचक घटक, ठरावीक पदार्थावरच काम करतो. मुलाला काय सोसत नाही हे कळल्याशिवाय घेतलेली बाटली म्हणजे गळक्या नळासाठी सुताराला बोलावणं. म्हणून खालच्या क्रमात बाटली बरीच उशिरा येते.

१. आधी वही

शंभर पानी वही पुरे. मुलाने काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास कधी झाला आणि शी कशी झाली, एवढंच लिहा. निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे. "दूध दिलं" असं मोघम लिहू नका. "सकाळी ७ ला पेलाभर म्हशीचं दूध, ८ ला पोट गुडगुडलं, साडेआठला आंबूस वासाची फसफसणारी पातळ शी" असं लिहिलं तर डॉक्टरांना त्यातून दिशा मिळते. बिस्किटं, चहात बुडवलेला खारी-टोस्ट, दुकानातला ज्यूस, शेजारच्या काकूंनी दिलेला पेढा हेही वहीत आलं पाहिजे. आजी-आजोबांनी गुपचूप दिलेलं तर आधी.

बऱ्याचदा वहीतच उत्तर सापडतं. तीन दिवस शी झालेली नसते आणि पोटदुखी बद्धकोष्ठतेची असते. किंवा मूल दिवसभर फळांचे गोड रस पितं आणि त्यानेच शी पातळ होते. कधी रविवारी तांबड्या रश्शाचा वाटा जरा जास्त झालेला असतो. तिखटाने पोटात जळजळणं ही काही 'फूड सेन्सिटिव्हिटी' नव्हे. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. वाट बघायची नाही अशी लक्षणं

शीमधून रक्त, हिरवी उलटी, वजन घटणं किंवा महिनोन्‌महिने न वाढणं, पोटदुखीने झोपेतून उठणं, सतत ताप, लघवी कमी होऊन मूल मलूल पडणं. यातलं काहीही दिसलं तर वही आणि बाटली दोन्ही बाजूला ठेवून थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बसला किंवा श्वासाला घरघर लागली, तर ती तीव्र अॅलर्जी आहे. १०८ ला फोन करा किंवा मुलाला घेऊन सरळ दवाखाना गाठा. अॅलर्जीवर जगातला कुठलाही पाचक एन्झाइम चालत नाही.

वजनाचं म्हणाल तर अंगणवाडीत वजन होतंच. माता-बाल कार्डावरची रेघ चढती आहे का, तेवढं बघा.

३. काय सोसत नाही, ते वेगळं काढा

इथे घाई करू नका. दुधाचे दोन त्रास असतात आणि घरोघर त्यांची गल्लत होते.

पहिला त्रास दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. ती फोडणारा लॅक्टेज हा एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतो. जोरदार जुलाब होऊन गेले की ते अस्तर खरवडलं जातं आणि काही आठवडे लॅक्टेज कमी पडतो. पोट फुगणं, वायू, आंबट वासाची पातळ शी ही त्याची लक्षणं. पाच वर्षांखालच्या मुलांत लॅक्टोज सोसत नसेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि ते आपोआप भरून येतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध यासाठी तोडायचं नाही.

दुसरा त्रास दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी. यात शरीराची प्रतिकारशक्तीच दुधावर उठते. अंगावर खाजरं पुरळ, उलट्या, शीमधून शेंब किंवा रक्त अशी चिन्हं दिसतात. लॅक्टेजचे थेंब इथे निरुपयोगी. 'लॅक्टोज-फ्री' दूधही चालत नाही, कारण प्रथिनं त्यात असतातच. गाईचं बंद करून शेळीचं किंवा म्हशीचं सुरू करणं हा घरगुती तोडगाही फसतो. ती प्रथिनं एकमेकांना इतकी जवळची आहेत की बहुतेक मुलांना त्यांचाही त्रास होतो.

कोल्हापुरात हे सांगणं अवघड जातं, हे मान्य. गोकुळ दूध संघाच्या जिल्ह्यात, जिथे गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढलेलं दूध पेल्यानं पितात, तिथे "पोराला दूध सोसत नाही" म्हटलं की आजीचा चेहरा पडतो. "अगं, आमच्या पोरांनी तांब्यानं दूध पिलं, कुणाला काय झालं न्हाई!" पण धारोष्ण दुधात लॅक्टोज तेवढाच असतो, तो पचवायला वेगळं काही त्यात नसतं. उलट न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. कट्ट्यावरची मजा मोठ्यांनी ठरवावी, लहानग्याला उकळलेलंच दूध द्यावं.

लॅक्टोजचा त्रास असला तरी सगळं दुधातलं बंद करायची गरज नसते. पेलाभर, म्हणजे २०० मिलि दुधात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज असतो. विरजण लावलं की त्यातला काही भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि ते जिवाणू पोटातही मदत करतात, म्हणून दही बऱ्याच मुलांना सोसतं. पनीरमधला बराच लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातो. बासुंदी आणि पेढ्यांचं मात्र उलटं. नरसोबावाडीहून आणलेल्या वाटीभर बासुंदीत आटवून घट्ट झालेला लॅक्टोज असतो. "दूध नको म्हणाला होता ना, मग बासुंदी दिली" या वाक्याची वहीत वेगळी नोंद करा.

गव्हाचा प्रश्न अजून निराळा. सीलिअॅक आजारात गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याच्या अस्तराला इजा करतं. मूल वाढत नाही, रक्त कमी असतं, पोट पुढे आलेलं दिसतं. 'ग्लूटेन पचवणारे' म्हणून मिळणारे एन्झाइम या आजारात पथ्याची जागा घेऊ शकत नाहीत. पथ्य पूर्ण आणि आयुष्यभराचं. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, भात, नाचणीचं आंबील असल्याने ते तसं जड नाही. अडतं ते छुप्या जागी: बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवर वाचल्याशिवाय फोडणीत टाकू नका.

उसळी, कांदा, लसूण यांनी वायू होणं हा बहुतेक वेळा आजार नसतोच. मटकी-चवळी रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं आणि सुरुवातीला दोन चमचे द्यायची. वायूसाठीचे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज असलेले एन्झाइम मोठ्यांसाठी मिळतात, पण लहान मुलाला मटकीसाठी ते देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

स्वादुपिंडाचे एन्झाइम कमी पडणारी मुलंही असतात, पण थोडी. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार हे त्याचं एक कारण. शी तेलकट, उग्र वासाची, पाण्यावर तरंगणारी. छातीत वारंवार कफ. घाम फार खारट. अशा मुलांना पॅन्क्रिएटिनच्या, म्हणजे याच एन्झाइमच्या, कॅप्सूल खरोखर लागतात आणि त्यांचं वजन त्यामुळेच वाढतं. पण त्यांचा डोस वजनावर मोजून तज्ज्ञच ठरवतात. अति डोसाने मोठ्या आतड्याला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं, हे घरात आधीच बोलून घ्या.

४. डॉक्टरांकडे आणि लॅबमध्ये

वही घेऊन जा. खासगी बालरोगतज्ज्ञ परवडत नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात दाखवा. डॉक्टरांना सरळ विचारा: "हा एन्झाइम कुठल्या पदार्थासाठी? किती दिवस? फरक पडला हे कशावरून ओळखायचं?" या तिन्हींची उत्तरं मिळत नसतील तर बाटली घ्यायची घाई नको.

तपासण्यांमध्ये शीचा आम्लपणा आणि त्यातली न पचलेली साखर बघता येते. सीलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी असते. ती होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी एवढ्या लहान मुलाकडून नीट होत नाही. आणि 'दोनशे पदार्थांची सेन्सिटिव्हिटी' सांगणारी आयजीजी पॅकेजं घेऊ नका. एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीजी हे प्रतिद्रव्य असणं म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्लाय एवढंच. अशा रिपोर्टवरून भात, दूध, गहू, शेंगदाणे सगळं बंद केलं तर वाढीच्या वयात मूल उपाशी राहील.

५. बाटली फिरवून वाचा

समोरची चित्रं सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडची बरीचशी पाचक सिरपं फंगल डायस्टेज आणि पेप्सिनची असतात. डायस्टेज पिठाचे, म्हणजे स्टार्चचे तुकडे करतो, पेप्सिन प्रथिनांचे. दुधाच्या साखरेला दोघंही हात लावत नाहीत. म्हणजे दुधाने फुगणाऱ्या पोटासाठी हे सिरप म्हणजे वेलचीच्या चवीचं गोड पाणीच. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन असलेली मिश्रणंही मिळतात. त्या फळांची किंवा रबराची अॅलर्जी असलेल्या मुलाला ती देऊ नका.

मात्रा नुसती मिलीग्रॅममध्ये लिहिली असेल तर त्यावरून ताकद कळत नाही. एन्झाइम युनिटमध्ये मोजतात, लॅक्टेज एफसीसी युनिटमध्ये. युनिट लिहिलेलेच नसतील तर ती बाटली परत द्या. गोडीसाठी साखर की सॉर्बिटॉल, तेही बघा. सॉर्बिटॉलने स्वतःच शी पातळ होते, म्हणजे ज्यासाठी औषध आणलं तोच त्रास वाढतो. अल्कोहोल आहे का? रंग कुठला? सप्लिमेंट असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का? वय स्पष्ट लिहिलंय का? "काका, लहान मुलांना चालतं ना?" यावर काउंटरमागून येणारं "चालतंय की" हा डोस नव्हे.

६. द्यायचं कसं

समजा, डॉक्टरांनी लॅक्टेजचे थेंबच सांगितलेत. दूध आधी उकळा, मग कोमट होऊ द्या. कढत दुधात थेंब घातले तर एन्झाइम निकामी होतो आणि पैसे वाया जातात. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून चटका बसत नाही इतपत गार झालं की मात्रेप्रमाणे थेंब घाला, हलवा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ थांबून पाजा. दूध पिऊन झाल्यावर तासाभराने थेंब देऊन उपयोग नाही. उघडलेली बाटली कुठे ठेवायची ते लेबलवर असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीतल्या फळीवर तर नाहीच. गॅलॅक्टोसिमिया हा जन्मजात आजार असलेल्या बाळाला लॅक्टेज देऊन दूध पाजणं धोक्याचं आहे.

पॅन्क्रिएटिनची कॅप्सूल उघडावी लागली तर आतले दाणे कुस्करायचे नाहीत. सफरचंदाच्या गरासारख्या किंचित आंबट पदार्थाच्या चमच्यातून द्यायचे, वर पाणी पाजायचं. दाणे गालात अडकून राहिले तर तोंड येतं.

एका वेळी एकच बदल करा. थेंब सुरू केले त्याच दिवशी प्रोबायोटिकची पुडी, ग्राइप वॉटर आणि आत्याने सांगितलेली घुटी सुरू केलीत तर कशाने बरं वाटलं ते देवालाही कळणार नाही.

७. थांबून बघणं

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली, समजा दोन आठवडे, की वही उघडा. फरक नसेल तर बंद करा आणि निदान पुन्हा तपासून घ्या, डोस वाढवू नका. फरक पडला असेल तरी डॉक्टरांना विचारून काही दिवस थेंब थांबवा आणि थोडं दूध देऊन बघा. जुलाबानंतरचा त्रास असेल तर तोवर आतडं सावरलेलं असतं. अॅलर्जीच्या मुलाला मात्र बंद केलेला पदार्थ घरी देऊन बघायचा नाही. ते दवाखान्यातच करायचं.

दूध बराच काळ बंद राहणार असेल तर कॅल्शियमचा हिशेब करा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ५०० मिलीग्रॅम लागतं. गगनबावडा, शाहूवाडीकडची नाचणी इथे कामाला येते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण लहान मूल एवढी नाचणी एका दिवसात खात नाही, म्हणून तीळ आणि पालेभाजी जोडीला घ्या, आणि कमी पडेल तेवढं डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधातून.

८. घराबाहेर

बालवाडीच्या ताईंना तोंडी सांगून भागत नाही. काय द्यायचं नाही, चुकून खाल्लं तर काय होतं आणि फोन कुणाला करायचा, हे मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून डब्याच्या पिशवीत ठेवा. लॅक्टोजचा त्रास असेल तर "थोडं दही चालेल" असं लिहा, प्रथिनांची अॅलर्जी असेल तर "दूध, दही, तूप, पेढा, दुधाचं बिस्किट काहीही नाही" असं. जोतिबाच्या यात्रेला किंवा लग्नाला जाताना मुलाचा डबा घरून न्या, कारण पंगतीत वाढणाऱ्या मामाला कितीही सांगितलं तरी तो बासुंदी वाढतोच.