पॅनोरमातली जोड दिसू नये म्हणून: डोंगरदऱ्यांचे रुंद छायाचित्र घेताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहिल्यांदा पोहोचलेला हौशी छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याला लावतो आणि लगेच खाली घेतो, कारण तो अर्धवर्तुळाकार कडा एका फ्रेममध्ये मावतच नाही. अतिरुंद लेन्स लावली तर कडा कसाबसा मावतो, पण समोरचे डोंगर टेकाडांएवढे दिसू लागतात आणि त्या जागेची खोली हरवते. अशा ठिकाणी उभ्या धरलेल्या कॅमेऱ्याने शेजारी शेजारी आठ-दहा छायाचित्रे घ्यायची आणि घरी संगणकावर ती जोडून एक सलग पॅनोरमा करायचा, हाच खरा मार्ग आहे. मात्र घरी आल्यावर जोडलेल्या चित्रात क्षितिज वाकलेले निघते, आकाशात उभे पट्टे दिसतात किंवा जवळचा खडक मधोमध तुटलेला असतो. मग बहुतेक जण सॉफ्टवेअरला दोष देऊन दुसरे सॉफ्टवेअर शोधू लागतात. माझे ठाम मत असे आहे की यातल्या बहुतेक चुका कड्यावरच झालेल्या असतात, आणि त्यातली सर्वांत मोठी चूक कॅमेरा कोणत्या अक्षाभोवती फिरला याची आहे.

कॅमेरा फिरतो, पण लेन्सही सरकते

एसटीच्या खिडकीशी बसून जाताना रस्त्याकडेचे खांब भराभर मागे पडतात आणि दूरचा डोंगर मात्र बराच वेळ जागचा हलत नाही. पाहणाऱ्याची जागा बदलली की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले स्थान बदलते. यालाच पॅरॅलॅक्स किंवा पराशय म्हणतात. पॅनोरमा घेताना आपण जागेवरच उभे असतो, त्यामुळे हा दोष आपल्याला लागू नाही असे वाटते. प्रत्यक्षात कॅमेरा डोळ्यासमोर धरून आपण स्वतःभोवती वळतो, तेव्हा लेन्स आपल्या शरीरापासून साधारण 40 सेंटिमीटर पुढे असते आणि प्रत्येक वळणाला ती एका मोठ्या वर्तुळावरून सरकत जाते.

हे सरकणे किती महागात पडते ते आकड्यांत पाहू. फुलफ्रेम (36 × 24 मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा, 50 मिलिमीटरची लेन्स, कॅमेरा उभा आणि फ्रेमची रुंदी 4,000 पिक्सेल असे धरले, तर एक फ्रेम सुमारे 27 अंशांचा पट्टा टिपते. शेजारच्या दोन फ्रेमांत एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा तर दर वेळी 18 अंश वळावे लागते. तेवढ्या वळणात हातातली लेन्स सुमारे साडेबारा सेंटिमीटर सरकते. त्यामुळे 10 मीटरवरचा खडक दूरच्या डोंगराच्या तुलनेत शंभराहून अधिक पिक्सेलने हललेला दिसतो, तर 500 मीटरवरचा सुळका जेमतेम दोन पिक्सेल हलतो. खडक जुळवला तर डोंगर तुटतो आणि डोंगर जुळवला तर खडक तुटतो. एवढी तफावत कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्णपणे झाकता येत नाही.

ट्रायपॉड लावला की हा प्रश्न संपतो, असा एक गैरसमज आहे. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या पोटात बसतो आणि अक्ष तिथून जातो. पण ज्या बिंदूभोवती फिरवल्यावर पराशय उरत नाही, तो बिंदू लेन्समधून पाहताना दिसणाऱ्या छिद्राच्या (अ‍ॅपर्चरच्या) प्रतिमेपाशी, म्हणजे बहुधा कितीतरी पुढे असतो. हे अंतर आठ सेंटिमीटर असेल, तर वरच्याच हिशेबाने एक मीटरवरचे झुडूप दोनशेहून अधिक पिक्सेलने सरकते. कोकणकड्याच्या काठावरची कारवी अग्रभागी घेऊन मी केलेल्या एका पॅनोरमात एकाच फांदीला दोन शेंडे फुटले होते आणि पानांचा एक झुबका हवेत तरंगत होता. ट्रायपॉड उत्तम होता, पाणसळ अचूक होती, पण अक्ष मात्र चुकलेला होता.

उपाय म्हणजे कॅमेऱ्याखाली मागे-पुढे सरकणारी पट्टी, अर्थात नोडल रेल. तिची जागा घरच्या घरी ठरवता येते. कॅमेऱ्यापासून एक मीटरवर ओळंबा किंवा जाड दोरा टांगावा आणि खिडकीबाहेरचा दूरचा विजेचा खांब त्याच्या अगदी शेजारी दिसेल असा कॅमेरा ठेवावा. आता कॅमेरा उजवीकडे वळवून पाहावे. दोरा खांबाच्या तुलनेत डावीकडे सरकला तर कॅमेरा पट्टीवर थोडा मागे घ्यावा, उजवीकडे सरकला तर पुढे न्यावा. फ्रेमच्या दोन्ही कडांपर्यंत वळवूनही दोरा आणि खांब यांच्यातले अंतर बदलेनासे झाले की ती जागा पक्की झाली. पट्टीवर तिथे बारीक खूण करावी. झूम लेन्स असेल तर 24, 35 आणि 50 मिलिमीटरसाठी वेगवेगळ्या खुणा कराव्या लागतात, कारण झूम बदलला की हा बिंदूही सरकतो.

प्रत्येकाने हा खर्च करावा असे मात्र मी म्हणणार नाही. चित्रात सर्वांत जवळची वस्तू शंभर मीटरपलीकडे असेल, तर साध्या ट्रायपॉडवर पराशय दोन पिक्सेलच्या आसपास राहतो आणि पट्टीशिवाय काम भागते. ट्रायपॉडही नसेल, तर अग्रभाग मुद्दाम वगळावा आणि स्वतःभोवती वळण्याऐवजी लेन्स एका जागी ठेवून तिच्याभोवती आपण पावले टाकावीत. हातातल्या पॅनोरमासाठी ही सवय फार मोलाची आहे. परंतु काठावर ती वापरू नये. कड्याच्या टोकाशी डोळा कॅमेऱ्यात अडकवून पाऊल मागे टाकणे जीवावर बेतू शकते; तिथे दोन-तीन मीटर आत यावे आणि पायाखालची जमीन आधी पाहून घ्यावी.

पाणसळ कुठे पाहायची

जोडलेल्या चित्रात क्षितिज डावीकडे सरळ, मध्ये उंच आणि उजवीकडे घसरलेले दिसत असेल, तर बॉलहेड, म्हणजे ट्रायपॉडवरचे कॅमेरा कोणत्याही दिशेला कलवता येणारे गोळ्याचे डोके, कसे वापरले ते आठवावे. बॉलहेड सैल करून कॅमेरा आडवा-उभा समतोल केला, पडद्यावरची पाणसळ हिरवी झाली आणि मग खालच्या तळव्यावर कॅमेरा फिरवला, हा क्रम जवळजवळ प्रत्येक जण करतो. चूक इथेच आहे. फिरवण्याचा तळवा बॉलच्या खाली असतो आणि बॉल सरळ केल्याने तो सरळ होत नाही. ट्रायपॉडचे पाय उताराच्या खडकावर असतील तर तळवा तिरका राहतो, आणि पहिल्या फ्रेमला समतोल असलेला कॅमेरा पाचव्या फ्रेमपर्यंत कलंडलेला असतो.

म्हणून आधी ट्रायपॉडच्या डोक्यावरची गोल पाणसळ पायांची लांबी कमी-जास्त करून मध्यावर आणावी आणि नंतर बॉलहेडला हात लावावा. डोंगरावर पाय जुळवण्यात वेळ जातो, म्हणून काही जण पायांच्या वर बसणारा लेव्हलिंग बेस घेतात. काही जण बॉलच्या वर फिरणारी चकती लावतात, म्हणजे बॉल सरळ केला की फिरणेही सरळच होते. माझ्या मते हौशी माणसासाठी ही चकती अधिक सोयीची आहे, कारण ती हलकी असते. काहीही वापरले तरी एकही छायाचित्र न घेता कॅमेरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा आणि सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी पाणसळ पाहावी. या अर्ध्या मिनिटामुळे पुढचे सगळे काम वाचते.

दरी अधिक दिसावी म्हणून कॅमेरा खाली झुकवण्याचा मोहही टाळावा. झुकलेल्या कॅमेऱ्याच्या फ्रेमा पंख्यासारख्या पसरतात आणि जोडलेले चित्र कमानीसारखे येते. ते सरळ करून कापले की वरचा-खालचा मोठा भाग फुकट जातो. कॅमेरा समतोल ठेवून जास्तीचे आकाश नंतर कापलेले बरे.

आकाशातले पट्टे

पट्टे दिसण्याची कारणे तीन आहेत. पहिले आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे प्रत्येक फ्रेमला वेगळे एक्स्पोजर मिळणे. मॅन्युअल मोड लावूनही हे होते, कारण आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर राहून गेलेला असतो. छिद्र, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस या पाचही गोष्टी पहिल्या फ्रेमपूर्वी कायम कराव्यात. छिद्र एफ 8च्या आसपास असावे, दूरच्या डोंगरावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकावी आणि रॉ फाइल (सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) घ्यावी. प्रकाशाचे मोजमाप चित्रातल्या सर्वांत उजळ भागावर करावे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी मधल्या फ्रेमा लख्ख आणि कडेच्या फ्रेमा अंधाऱ्या असतात. ही तफावत फार असेल तर प्रत्येक जागी कमी, मध्यम आणि जास्त अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. पण तीनही पातळ्या सगळ्या फ्रेमांना सारख्याच ठेवाव्यात.

दुसरे कारण पोलरायझर फिल्टर. सूर्यापासून 90 अंशांवरचे आकाश या फिल्टरने सर्वांत गडद होते. एकाच फ्रेममध्ये ते छान दिसते, पण 150 अंशांच्या चित्रात निळ्या आकाशाच्या मधोमध काळपट डाग पडतो आणि तो काढणे अतिशय कठीण असते. पॅनोरमासाठी हा फिल्टर काढून ठेवावा. तिसरे कारण म्हणजे लेन्सच्या कोपऱ्यांचा काळेपणा. त्यासाठी जोडण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधली लेन्स प्रोफाइलची, म्हणजे त्या लेन्सचे ठरावीक दोष काढणारी, दुरुस्ती लावावी.

किती फ्रेमा आणि किती रुंदी

सामाईक भाग एक तृतीयांशाहून कमी ठेवू नये. वर आणि खालीही मोकळी जागा ठेवावी, कारण जोडणीनंतर कडा वेड्यावाकड्या येतात आणि नेमके सुळक्याचे टोक कापले जाते. मालिका सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर लेन्ससमोर हात धरून एकेक छायाचित्र घ्यावे. चारशे फाइलींतून मालिका कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्यामुळे झटकन सापडते.

रुंदीचा हव्यास ही मात्र वेगळीच चूक आहे, आणि ती तांत्रिक नाही. वरच्या हिशेबाने 180 अंशांसाठी साधारण दहा फ्रेमा लागतात आणि चित्र सुमारे 28,000 पिक्सेल रुंद होते, म्हणजे 300 डीपीआयने छापले तर जवळजवळ आठ फूट. एवढ्या चित्रात नजर ठरायला एखादी जागा नसेल, तर ती केवळ डोंगरांची यादी होते. माझी उत्तम चित्रे 90 ते 120 अंशांतली आहेत. आधी नजरेने चित्राचे डावे आणि उजवे टोक ठरवावे. तिथे एखादा सुळका, झाड किंवा कड्याचा उतार चित्र बंद करणारा असावा. दोन्हीकडे एक फ्रेम जास्त घ्यावी, पण ती फक्त कापण्यासाठी.

वारा, ढग आणि समुद्र

पावसाळा सरता सरता हवा धुतलेली असते आणि पॅनोरमासाठी हाच सर्वांत चांगला काळ आहे. उन्हाळ्याकडे धूळ वाढते, कोकणात राब भाजल्याचा धूर दरीत भरतो, आणि दूरच्या फ्रेमांत सॉफ्टवेअरला पकडायला रेषाच उरत नाही. कास पठारावर फुले असताना वारा हा मुख्य शत्रू असतो. तिथे शटर वेगवान ठेवावे आणि वारा पडला की संपूर्ण मालिका एका दमात घ्यावी. मध्ये थांबून मागच्या फ्रेमा पाहू नयेत, कारण तेवढ्यात ढगांच्या सावल्या सरकतात. त्याऐवजी तीच मालिका पुन्हा एकदा घ्यावी.

एखादा माणूस दोन फ्रेमांत दोनदा आला असेल, तर त्यातल्या एका फ्रेममधला तो भाग मास्कने झाकावा. हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. जोडणी फसलेली असेल, तर त्यातच कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फ्रेमांतल्या एकाच जागेच्या जुळवणीच्या खुणा, उघडून पाहावेत. ते ढगांवर, हलत्या गवतावर किंवा लाटांवर बसलेले असतील तर खोडावेत आणि खडकाच्या कडा, दूरच्या झाडांची खोडे अशा स्थिर जागी हाताने नवे द्यावेत. पुष्कळदा एवढ्यानेच चित्र जुळते. किनाऱ्यावर अडचण वेगळी असते, कारण ज्या फ्रेममध्ये केवळ पाणी आणि आकाश आहे तिथे जुळवण्याजोगे काहीच नसते. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये खडक, बेट किंवा नांगरलेली होडी यांपैकी काहीतरी येईल अशी जागा निवडावी.

जोडलेले दृश्य सपाट चित्रावर उतरवण्याच्या पद्धतीला प्रोजेक्शन म्हणतात; सरळ रेषा सरळ ठेवणारे रेक्टिलिनिअर प्रोजेक्शन 100 अंशांच्या पुढे कडा ताणू लागते. टोकाचे डोंगर आडवे पसरलेले दिसले, की सिलिंड्रिकल (नळकांड्यावर गुंडाळल्यासारखे) प्रोजेक्शन निवडून पाहावे. कडेच्या पांढऱ्या जागा भरण्यासाठी चित्र ताणण्याची सोय आकाशापुरती ठीक आहे, पण ती कड्याचा आकारही बदलते. कोकणकड्याची ती आत वळलेली बाकदार रेषा ज्याने पाहिली आहे, त्याला हा बदल लगेच खटकतो, म्हणून तिथे मी चित्र कापणेच पसंत करतो.