घरच्या सुतारकामासाठी पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

सुतारकाम शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "दादा, कटर कोणता घेऊ?" त्यांच्या डोळ्यांसमोर चार इंची मार्बल कटर असतो. मिस्त्री त्याच्यावरच प्लाय कापताना दिसतो आणि तो स्वस्तही मिळतो. तरीही माझं सांगणं एकच: लाकडासाठी तो घेऊ नका.

हे मशीन फरशी कापायला बनवलेलं आहे. रिकामं फिरताना ते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे लाकूड कापायचं गोल पात्याचं हातातलं मशीन, साधारण पाच हजारांच्या आसपास. त्याहून महत्त्वाचा फरक झाकणाचा. सर्क्युलर सॉच्या पात्याला खालून स्प्रिंगचं झाकण असतं, मशीन उचललं की ते आपोआप मिटतं. मार्बल कटरला ते नसतं. पातं लाकडात अडकलं की मशीन झटका देऊन मागे येतं, आणि उघडं पातं तेव्हाही फिरत असतं. मुरलेल्या मिस्त्रीलाही यातून इजा होते, नवख्याची काय कथा! लोखंड घासायच्या अँगल ग्राइंडरला लाकडाचं पातं लावणं तर त्याहून धोक्याचं.

मग घ्यायचं काय? आधी काय बनवणार ते ठरवा. कपाट, शेल्फ, पलंग यांत लांब सरळ काप असतात, तिथे सर्क्युलर सॉ. सिंकचा गाळा, गोलाई, स्विचबोर्डाची खाच यांना वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याचा जिगसॉ. पण जाड लाकडात त्याचं पातं वाकतं आणि काप तिरका जातो. मायटर सॉ, म्हणजे पातं वरून खाली आणून कापणारं मशीन, चौकटी आणि पट्ट्यांच्या पंचेचाळीस अंशांच्या जोडांसाठी उत्तम, मात्र आठ बाय चारचा प्लाय त्यावर फाडता येत नाही. टेबल सॉला, म्हणजे ज्यात पातं टेबलातून वर आलेलं असतं त्या मशीनला, जागा लागते, फ्लॅटमध्ये त्याच्या मागे लागू नका. एकच मशीन घ्यायचं असेल तर मी सर्क्युलर सॉ सांगेन, सोबत दोन शिकंजे (क्लॅम्प) आणि एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी. पट्टी प्लायवर आवळून मशीनचा तळ तिला टेकवून चालवला की आठ फुटांचा काप सरळ येतो. तळाच्या कडेपासून पात्याच्या दातापर्यंतचं अंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा आणि मशीनवरच लिहून ठेवा.

पैसे पात्यावर खर्च करा. मशीनबरोबर बहुधा चोवीस दात्यांचं पातं येतं. ते फळी उभी फाडायला ठीक, प्लायच्या कडा मात्र फोडतं. प्लाय आणि सनमायकाला चाळीस किंवा साठ दात्यांचं घ्या. सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येतात, म्हणून वरची बाजू फुटते. दिसणारी बाजू नेहमी खाली ठेवा आणि कापाच्या रेघेवर मास्किंग टेप लावा. टेबल सॉवर हे उलटं: चांगली बाजू वर.

पातं लाकडाखाली पाच-सहा मिलिमीटरच बाहेर येईल एवढं ठेवा. प्लायखाली चार रिपा (लाकडी पट्ट्या) घाला, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे कापलेला तुकडा खाली झुकून पातं चिमटीत धरत नाही. मशीन मागे येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे चिमटीत धरणंच.

चौदाशे वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या वर वीज ओढतं. लहान सॉकेटवर ताण देऊ नका, सोळा अँपिअरचं वापरा. पातळ वायरच्या एक्स्टेन्शनमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

भुशाकडे नवखे लक्षच देत नाहीत. लाकडाच्या भुकटीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क, चष्मा आणि कानाला प्लग लावा. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ नकोत, ते बोटांसकट ओढले जातात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तर बंद खोलीत कापूच नका. गच्चीत किंवा अंगणात न्या, आणि सोसायटीत राहत असाल तर दुपारच्या झोपेची वेळ तेवढी सोडा.