मल्चिंग पेपर शेतातून उचलायचा कसा?

टोमॅटोचा शेवटचा तोडा झाला की पुढच्या पिकाची घाई होते आणि बेडवर अंथरलेल्या मल्चिंगच्या पेपरसकट (नावाला पेपर, असतं ते पातळ प्लॅस्टिकच) ट्रॅक्टरचा रोटर मारला जातो. मीही एकदा मारला. पाच वर्षं झाली, अजून कुळवाच्या फासेला चंदेरी चिंध्या गुंडाळून येतात.

25 मायक्रॉन जाडीचा, 4 फुटी, 400 मीटरचा रोल साधारण 11 किलोचा. 5 फुटांवर बेड असतील तर एकराला 6-7 रोल लागतात, म्हणजे 70 किलोंच्या आसपास प्लॅस्टिक. ते अख्खं बाहेर यायला हवं असेल तर सुरुवात दुकानातच करा. फार पातळ पेपर उन्हानं ठिसूळ होतो आणि ओढला की हातात तुकडेच येतात. त्याच पेपरवर दुसरं पीक घ्यायचं असेल तर 30 मायक्रॉनचाच घ्या.

पीक संपलं की पाणी तोडा. आधी तारा, सुतळी, बांबू काढा. झाडं उपटू नका, भोकापाशी पेपर टरकतो. खोड जमिनीलगत विळ्यानं कापा. विळा जपून, पेपरखाली ठिबकची नळी आहे.

मग वाफशाची, म्हणजे माती ना ओली ना कडक अशी होण्याची, वाट बघा. ओल असली तर पेपरला चिखल चिकटतो, रान कडक वाळलं तर मातीत दाबलेल्या कडा सुटत नाहीत. दोन्ही कडांची माती कुदळीनं मोकळी करा. दोघांनी एका टोकाला धरून पेपर वर न उचलता जमिनीलगत मागे दुमडत न्यायचा. जोर लावला की फाटलाच. बांधावर दिवसभर वाळवा, वर दगड ठेवा, माती झटकून मगच गुंडाळा. मातीचा पेपर भंगारवाला घेत नाही, आणि घेतला तर वजन कापतो. राहिलेले तुकडे गोणी घेऊन वेचा. कंटाळवाणं काम आहे, पण रोटर त्यानंतरच.

पेपर आणि ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या, पिकावर झाकायचं कापडासारखं क्रॉप कव्हर पॉलिप्रॉपिलिनचं, पाइप पीव्हीसीचे. एकत्र वितळवून चालत नाहीत, म्हणून ढीग वेगळे ठेवा. पेटवू तर काहीच नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन असतात.

शेतातलं आणखी एक प्लॅस्टिक म्हणजे औषधाच्या बाटल्या. त्यांचं काम फवारणीच्या दिवशीच उरका. बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून खळखळवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. मग भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी रॉकेल-तेल भरणार नाही. कीटकनाशके नियम, 1971 प्रमाणे रिकामी वेष्टनं उघड्यावर टाकायची नाहीत, फोडून वस्तीपासून लांब पुरायची. विहीर-ओढ्यापासूनही लांब, हे माझं सांगणं. कुणी बाटल्या गोळा करतं का, ते आधी दुकानदाराला विचारा.

एकट्याच्या पेपरसाठी टेम्पो येत नाही. शेजारच्या चार-पाच जणांचे गठ्ठे रस्त्याकडेच्या एका बांधावर लावले की भंगारवालाच फोन करतो.