फोन तुमचा, मेल कंपनीचा : सेटिंग कुठून सुरू करायची

वेगळा फोन कोण देते हो आजकाल. एखाद्या मोठ्या कंपनीत साहेब लोकांना मिळत असेल, बाकी आपल्या नागपुरात वाडीतला ट्रान्सपोर्टवाला असो, हिंगण्याच्या एमआयडीसीतला कारखाना असो की रामदासपेठेतलं सीएचं ऑफिस, जॉइन झाल्या दिवशीच सांगतात की मेल तुमच्याच फोनवर टाकून घ्या, आणि आपणही टाकून घेतो, पाच मिनिटांचं तर काम. मग ज्या फोनवर पोराचे गेम, मावशीचे गुड मॉर्निंग आणि बँकेचं ॲप आहे त्याच फोनवर पार्ट्यांची कोटेशनं, पगाराची शीट आणि कोणाकोणाचे आधार-पॅन येऊन बसतात. मी ऑफिसात हीच कामं बघतो, त्यामुळे सांगतो, दोन्ही गोष्टी एका फोनवर राहू द्या पण मिसळू देऊ नका. उद्या मेल काढायचा झाला तर लेकीच्या वाढदिवसाचे फोटो जायला नको आणि फोन पोराच्या हातात गेला तर कंपनीचा मेल उघडायला नको.

सगळ्यात आधी ऑफिसात विचारा की आपला मेल आहे कशावर. मायक्रोसॉफ्ट ३६५, गूगल वर्कस्पेस की वेबसाइटच्या होस्टिंगसोबत आलेला वेबमेल. पुढचं अर्धं काम ह्या उत्तरावर ठरतं.

ॲन्ड्रॉइड फोन आहे आणि कंपनी मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलवर आहे, तर आयटीवाल्यांना सरळ म्हणा, वर्क प्रोफाइल करून द्या. ही सोय ॲन्ड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, तरी निम्म्या लोकांना माहीत नसते. फोनमध्ये एक वेगळा कप्पा तयार होतो, त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण असते, दोन जीमेल किंवा दोन क्रोम दिसले तर घाबरू नका, खूणवालं ऑफिसचं. त्या कप्प्यातली फाइल तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये टाकायला गेलात तर कंपनीने ठरवलं असेल तसं ते अडवतं. त्याला वेगळं लॉक लावता येतं, रविवारी संपूर्ण कप्पा पॉज करता येतो, एकही मेल वाजत नाही, आणि नोकरी सोडली तर कंपनी फक्त तेवढा कप्पा पुसते. लोकांना भीती असते की आयटीवाले आपले फोटो बघतील, चॅट वाचतील. तुमच्या स्वतःच्या फोनवरच्या वर्क प्रोफाइलमधून त्यांना तुमच्या बाजूचे फोटो, मेसेज, ॲप काहीच दिसत नाही, स्क्रीन लॉक कसं असावं एवढं मात्र ते सांगू शकतात. आयफोनमध्ये असा दिसणारा कप्पा नसतो पण कंपनीची ॲप्स आणि खाती आतून वेगळी ठेवली जातात, सेटिंग्जमध्ये जनरलच्या आत व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडलं की कंपनीने काय लावलंय ते दिसतं. एकदा उघडून वाचा तरी.

आता वाचण्याचीच गोष्ट निघाली तर ही एक स्क्रीन नीट बघा. फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये एक्सचेंजचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचं, खातं टाकलं की शेवटी एक पान येतं, ह्या ॲपला डिव्हाइस ॲडमिन करायचं का, म्हणजे फोनवर हुकूम चालवू द्यायचा का म्हणून, खाली यादी असते, पासवर्डचे नियम ठरवणे, स्क्रीन लॉक करणे, आणि त्यातच एक ओळ, सगळा डेटा पुसणे. ती ओळ कोणी वाचत नाही, सगळे खालचं ॲक्टिव्हेट दाबून मोकळे. त्या ओळीचा अर्थ असा की ऑफिसातून कोणी वाइप मारलं तर अख्खा फोन कोरा होऊ शकतो, फोटो, कॉन्टॅक्ट, सगळं. हेच खातं मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक ॲपमध्ये टाकलं तर वाइप मारल्यावर त्या ॲपमधलाच डेटा जातो. म्हणून वर्क प्रोफाइल मिळत नसेल तर निदान आउटलुक ॲप वापरा, फोनचं मेल ॲप नको, आणि ऑफिसला आधीच विचारून ठेवा की फोन हरवला तर तुम्ही नेमकं काय पुसता.

कंपनी छोटी आहे, हे काहीच करून देत नाही, तर कप्पा आपणच करायचा. सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर असतो, ॲन्ड्रॉइड १५ पासून प्रायव्हेट स्पेस आलीय, आयफोनवर आयओएस १८ असेल तर मेलच्या ॲपचा आयकॉन दाबून धरा, फेस आयडी मागायचा पर्याय येतो. कंपनीने दिलेल्या कप्प्याइतकं हे पक्कं नाही, पण पोरगं गेम खेळता खेळता मेलमध्ये शिरायचं थांबतं.

वेबमेलवाल्यांसाठी मात्र जरा जास्त लिहावं लागेल, कारण इतवारीपासून बुटीबोरीपर्यंत असे खूप आहेत आणि त्यांना कोणी सांगत नाही. ज्याने वेबसाइट बनवली त्याने पाच मेल आयडी काढून दिले, पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव, ॲट आणि वन टू थ्री, आणि पाचही जणांचा तोच. आधी तो बदला, प्रत्येकाचा वेगळा आणि लांब. मग फोनमध्ये खातं टाकताना मेल आणायच्या दोन पद्धती विचारतात, त्यात आयमॅप घ्या, पॉप नको. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो. पॉपमध्ये मेल फोनवर उतरतो आणि सेटिंग तशी असेल तर सर्व्हरवरून उडतो, मग फोन गेला की मेलही गेला. आयमॅपचा पोर्ट, म्हणजे सेटिंगमध्ये भरायचा आकडा, ९९३ आणि सिक्युरिटी एसएसएल किंवा टीएलएस, म्हणजे पासवर्ड झाकून जातो, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. १४३ पोर्टवर सिक्युरिटी नन ठेवून चालू केलं तरी मेल येतोच, म्हणून लोकांना वाटतं झालं काम, पण तिथे पासवर्ड उघडाच जात असतो. आणि काही ॲपमध्ये 'सगळी सर्टिफिकेट स्वीकारा' असा एक पर्याय असतो (सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हर खरा आहे ह्याचा पुरावा), होस्टिंगवाला फोनवर तोच दाबायला सांगतो कारण त्याला सर्टिफिकेट नीट लावायचं नसतं. दाबू नका, त्याला म्हणा भाऊ पैसे घेतले ना, सर्टिफिकेट लावून दे. जमलं तर धंद्याचा मेल वर्कस्पेस किंवा ३६५ वर नेलेलाच बरा, खर्च येतो, पण दुसरं लॉक मिळतं.

दुसरं लॉक म्हणजे टू-स्टेप, पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून क्लाउडवरच्या एक्सचेंजमध्ये नुसत्या आयडी-पासवर्डने मेल ॲप जोडायची जुनी पद्धत बंद करायला घेतली, नंतर गूगलनेही तेच केलं, त्यामुळे आता खातं जोडताना त्यांचं स्वतःचं लॉगिन पान उघडायला हवं. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा चांगला, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. सिम हरवलं आणि नवीन काढलं तर आपल्याकडे त्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक टाळायलाच, आणि तुम्ही मात्र ओटीपीची वाट बघत बसता. फोनवरच कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा किंवा पासकी करा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच लॉगिन, आणि गूगलचे १० बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट नको. मायक्रोसॉफ्टचं ॲप आता स्क्रीनवरचा आकडा टाकायला लावतं, २०२३ पासून. तुम्ही लॉगिन करत नसताना असा आकडा मागितला तर समजा पासवर्ड कोणाला तरी सापडलाय, नाही म्हणा आणि लगेच बदला.

फोनचं लॉक तर असतंच ना, असं सगळे म्हणतात. असतं, पण नागपूरचा मे महिना बघा, पारा ४५ च्या वर, बोटं घामाने ओली, फिंगरप्रिंट लागत नाही, आणि ॲक्टिव्हावर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फेस अनलॉकही लागत नाही. मग माणूस वैतागून पिन १२३४ करतो नाहीतर लॉकच काढतो. चार आकड्यांचे १०,००० पर्याय, सहा आकड्यांचे १० लाख, म्हणून सहाचा ठेवा आणि तो बोटाला सवयीचा होऊ द्या, म्हणजे उन्हाळा लॉकवर निघणार नाही. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. लॉक स्क्रीनवर मेलचा मजकूर दिसणं बंद करा, आयफोनवर शो प्रीव्ह्यूजमध्ये व्हेन अनलॉक्ड, ॲन्ड्रॉइडवर संवेदनशील नोटिफिकेशन लपवा असा पर्याय असतो. टपरीवर तर्री पोहे खाताना फोन टेबलावर उताणा पडलेला असतो आणि वर सरळ लिहून येतं, इन्क्रिमेंट लिस्ट फायनल. शेजारचा वाचते ना.

अपडेट येऊ द्या. कंपनीने फोनला सिक्युरिटी अपडेट देणं बंद केलं असेल तर त्यावर ऑफिसचा मेल ठेवू नका, एवढंच.

टॅबलेटचं वेगळं आहे कारण तो कोणाचाच नसतो. दिवसा आई त्यावर यूट्यूब बघते, संध्याकाळी पोरं, आणि रात्री तुम्ही मोठ्या स्क्रीनवर एक्सेल उघडता. ॲन्ड्रॉइडच्या बहुतेक टॅबलेटमध्ये, सॅमसंगच्याही, वेगवेगळे युजर करता येतात, पोरांचा वेगळा आणि तुमचा वेगळा पिन असलेला. घरच्या आयपॅडवर ते जमत नाही, म्हणून घरात फिरणाऱ्या आयपॅडवर मेल टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अगदीच लागलं तर ब्राउझरच्या प्रायव्हेट टॅबमध्ये उघडा, काम झालं की साइन आउट, आणि फाइल उतरवली असेल तर डाउनलोडमधून काढा.

आता सीताबर्डीतलं मोबाइल रिपेअर. फोन पडला, डिस्प्ले फुटला, दुकानात दिला, पोरगा म्हणतो, "कॉम्बो टाका लागते भाऊ, पासवर्ड लिहून द्या, टच चेक करा लागते." आणि पावतीच्या मागे आपण पिन लिहून देतो, फोन दोन तास त्याच्याकडे, आपण तोवर मार्केटात. तो पोरगा प्रामाणिक असेलही पण पिन पावतीवर आहे आणि पावती काउंटरवर आहे. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड, तो चालू केला की फोन कोऱ्यासारखा दिसतो, टच, कॅमेरा, स्पीकर सगळं तपासता येतं पण तुमचा डेटा दिसत नाही, आणि बाहेर पडायला तुमचंच लॉक लागतं. मात्र स्क्रीन पूर्ण काळी झाली असेल तर हा मोड लावणार कसा, तेव्हा ऑफिसला फोन करून मेलचं खातं त्या फोनवरून आधी काढायला सांगा, पासवर्ड बदला, मगच दुकानात द्या.

सगळं लॉक लावून आपणच दार उघडायचं, हेही खूप चालू राहते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलानच्या नावाने एपीके, म्हणजे ॲप टाकणारी फाइल येते, टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, मग तुमचे ओटीपी परस्पर कोणाकडे तरी जातात. प्ले स्टोअरच्या बाहेरून काहीच टाकू नका, भावजींनी पाठवलं असलं तरी, कारण पाठवणारे भावजी नसतातच. मेलमध्ये फोनवर फक्त नाव दिसतं, पत्ता लपलेला असतो. साहेबांच्या नावाने 'पार्टीचं बँक खातं बदललंय, आजच पेमेंट टाका' असा मेल आला की नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघा, आणि पत्ता बरोबर असला तरी साहेबांना फोन लावा, त्यांचंच खातं कोणी उघडलेलं असू शकतं. लिंक दाबून धरली तर खरा पत्ता दिसतो, नुसतं टॅप करू नका.

स्टेशनवरचं फुकट वायफाय ठीक आहे, फक्त सर्टिफिकेटची वॉर्निंग आली की तिथेच थांबा आणि मोबाइल डेटा लावा.

आणि फोन हरवलाच, समजा बडकस चौकाच्या गर्दीत खिशातून गेला, तर क्रम लक्षात ठेवा. सगळ्यात आधी ऑफिसला सांगा, रात्र असली तरी, सोमवारी बघू करू नका. सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि तुम्हीच दोन दिवस लपवलं तर त्यांना कळणार कसं. मग दुसऱ्याच्या फोनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. ॲन्ड्रॉइडचा फोन गूगलच्या फाइंड हबमधून, आयफोन फाइंड मायमधून लॉक करा. मग सिम बंद, मग पोलिसात तक्रार, त्या तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, ब्लॉक. आयएमईआय आत्ताच *#०६# डायल करून लिहून ठेवा, हरवल्यावर डायल कशावर करणार. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. आणि दोन दिवसांनी मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि रूल्स तपासा, चोर आत येऊन गेला असेल तर तुमचे मेल गुपचूप दुसरीकडे वळवून ठेवतो, पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतं.

फोन एक्सचेंजला द्यायचा असेल तर आधी ऑथेंटिकेटर नवीन फोनवर न्या, ते विसरून रिसेट मारलं की ऑफिसच्या मागे फिरावं लागतं. मग वर्क प्रोफाइल काढा, गूगल किंवा ॲपलचं खातं साइन आउट करा, मग फॅक्टरी रिसेट. शेवटी आयटीवाल्यांना सांगून त्यांच्या यादीतून जुना फोन काढायला लावा, नोकरी सोडतानाही हेच, आणि निघायच्या आधी तुमचे स्वतःचे कॉन्टॅक्ट चुकून ऑफिसच्या खात्यात सेव्ह होत आलेत का ते बघून घ्या, कारण खातं गेलं की तेही जातात.